नाव घेऊन केलेला तीर

सातपुड्याच्या आतल्या अंगाला बेलझिरा नावाचे एक लहानसे गाव आहे. बेलाच्या राईत बारमाही पाण्याचा एक झिरा आहे, त्यावरूनच गावाचे नाव पडले. या झिऱ्याकाठी एका वर्षी एक साधुपुरुष येऊन बसले. कोठून आले, कोणत्या पंथाचे, हे गावाने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बेलाखाली बसत म्हणून लोक त्यांना बेलनाथ महाराज म्हणू लागले. महाराज फारसे बोलत नसत. कोणी कंदमुळे आणून दिली तर खात, नाही दिली तर झिऱ्याचे पाणी पिऊन हसत बसत. भाविकहो, ते हसणे पाहायला रानातली पाखरेसुद्धा खालच्या फांदीवर उतरत असे जुनी माणसे सांगतात. जुन्या माणसांना खोटे म्हणण्याचे धाडस निदान माझ्यात तरी नाही.

गाव भिल्लांचे. थोडी नागली-ज्वारी, बाकी सारी भिस्त रानावर आणि तीरकामठ्यावर. महाराजांनी त्यांना शिकार सोडा असे कधी म्हटले नाही. "पोटापुरतं घ्या, आणि गाभण मादी दिसली की तिला वाट द्या," एवढेच सांगत. ही तर गावाची वाडवडिलांपासूनची रीतच होती.

साऱ्या गावाचे तीर वेस्त्या नावाचा एक म्हातारा करी. तिराच्या दांडीसाठी बोरू निखाऱ्यावर शेकायचा, वाक दिसेल तिथे हलकेच दाबायचा, मग डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत नजर न्यायची. मागे मोराची पिसे, पुढे लोखंडी पाते, जोडावर लाख. ज्याचा तीर त्याच्या रंगाचा दोरा पिसांखाली गुंडाळायचा, म्हणजे सावज कोणी पाडले याचा तंटा नको. वेस्त्याच्या झोपडीत जमिनीत पुरलेल्या एका मोठ्या खापरात विस्तव असे. तो त्याच्या आजाने पेटवलेला, पुढे बापाने राखलेला, आणि आता वेस्त्या व त्याची बायको झिनी पोटच्या पोराइतका जपत असलेला. तो विस्तव म्हणजेच त्याचे घर, त्याची शेती, सारे काही.

एकदा वेस्त्या महाराजांना म्हणाला, "बाबा, मला पूजा येत नाही, मंत्र येत नाही. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "तीर पारखताना डोळ्यासमोर धरतोस ना? तेव्हा देवाचं नाव घेत जा."

वेस्त्या मान डोलवून घरी आला आणि पहिलाच बोरू डोळ्यासमोर धरून अडखळला. देव का थोडे होते? वाघदेव, बाबदेव, राणी काजल... एकाचे नाव घ्यावे तर दुसरा रुसायचा! रानात राहणाऱ्याला कोणालाच दुखवून चालत नाही. शेवटी त्याने आपल्यापुरती तोड काढली. ज्याने सांगितले त्याचेच नाव घ्यावे म्हणजे झाले! तेव्हापासून "बेलनाथ, बेलनाथ" म्हणत तो तीर पारखू लागला. महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण त्याची चूक काही त्यांनी दुरुस्त केली नाही.

गावात जामसिंग नावाचा एक तरुण तिरंदाज होता. नजर तेज, हात खंबीर, आणि मान अशी ताठ की दारातून आत जाताना कपाळ आपटले तरी वाकायची नाही. होळीच्या आधीच्या सामुदायिक शिकारीची ती सकाळ. तो वेस्त्याच्या दारात तीर न्यायला आला. वेस्त्या शेवटचा तीर डोळ्यासमोर धरून पुटपुटत होता.

"अरे ए वेस्त्या," जामसिंग म्हणाला. "तीर करतोस का भजन करतोस?" म्हातारा बापाच्या वयाचा, पण याच्या तोंडी काका नाही की बाबा नाही.

"झालाच बघ. नाव घेतलं म्हणजे हात थरथरत नाही."

"त्या फुकट्या बुवाचं नाव! असल्या तिरानं सावज पडायचं नाही. हा तर आपला सुटेल आणि थेट तुझ्या बुवाकडे जाऊन बसेल!"

बरोबरची माणसे खदखदून हसली. वेस्त्याही कसनुसा हसला. त्याने तिराला जामसिंगचा पिवळा दोरा गुंडाळला आणि तो दोन्ही हातांनी त्याच्या पुढे केला.

दुपार कलायला लागली तेव्हा शिकारी परत आले, पण ढोल वाजत नव्हता. सगळ्यांपुढे गावचे कारभारी रेहज्यादादा, खाली मान घालून. झिनी धावत आत आली आणि पाठोपाठ बातमीही आली. ओढ्याकाठी चितळांचा कळप पाणी पीत होता. जामसिंगने तीर सोडला. तीर गाभण मादीच्या कुशीत घुसला आणि ती तशीच रानात पळाली.

"मी तर शिंगाळ्या नरावर नेम धरला होता," जामसिंग सर्वांसमोर म्हणाला. "तीर मध्येच वळला. तीरच वाकडा! बाबदेवाची शपथ."

अशा वेळी गावाची रीत काय ते वेस्त्याला पाठ होते. दोष हाताचा असेल, तर शिकाऱ्याने आपला कामठा कायमचा आढ्याला टांगायचा. दोष तिराचा असेल, तर तीर करणाऱ्याचा विस्तव ओढ्यात घालायचा आणि त्याने पुन्हा बोरूला हात लावायचा नाही. निवाडा तीरच करी. ज्याने सोडला त्यानेच तो सावजातून उपसायचा, मग सपाट दगडावर घरंगळवायचा. डगमगत गेला तर तीर खोटा, सरळ गेला तर हात खोटा. पण दिवस बुडायच्या आत तीर सापडलाच नाही, तर शिकाऱ्याची शपथ खरी धरायची.

"चला," रेहज्यादादा म्हणाले. "सोडणारा, करणारा आणि साक्षीला मी. दिवस फार उरला नाही."

"तुम्ही जा," झिनी नवऱ्याला म्हणाली. "विस्तव मी राखते." तिचा आवाज धड होता, पण तिने खापराचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तिघे निघाले. वाटेत वेस्त्याच्या मनात दुसरीच कळ उठली होती, आणि ती विस्तवाच्या भीतीहून वाईट होती. सकाळी नाव घेता घेता आपला डोळा क्षणभर मिटला होता का? नावात रंगलो आणि बोरूतला वाक पाहायचा राहिला का? जामसिंग म्हणतो तेच खरे असले तर? गाभण मुक्या जिवाच्या कुशीत आपल्या भोळेपणाचे लोखंड रुतून बसले असेल! म्हाताऱ्याला रडू आवरेना.

ओढ्यापासून रक्ताचे थेंब दिसत होते. थेंब पुढे, माणसे मागे. मोहाच्या फुलांचा वास रानभर साचून राहिला होता आणि त्या वासाने ऊनसुद्धा पेंगत होते. थेंब पळसाच्या बनात शिरले, आणि तिथे तिघेही थबकले.

बन फुलून खाली आले होते. जिथे पाहावे तिथे जमिनीवर पळसाच्या लाल पाकळ्यांचा सडा! त्यात रक्त कोणते आणि फूल कोणते?

जामसिंग बुंध्याला टेकून बसला. "शोधा आता," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर हसू आले होते. रेहज्यादादांनी पश्चिमेकडे पाहिले.

वेस्त्या त्या लाल सड्यात एकटा उभा राहिला. त्याला काही सुचेना. काही सुचेनासे झाले की त्याचे हात नेहमीचे काम करीत, तसेच आताही झाले. रिकामे हात वर आले, जणू त्यांत बोरू आहे. एक डोळा मिटला, दुसऱ्याने त्या नसलेल्या तिरावरून टोकापर्यंत नजर नेली. "बेलनाथ," तो म्हणाला. आणि नजर जिथे टेकली तिकडे सरळ चालू लागला.

"म्हातारा बहकला," जामसिंग म्हणाला. पण रेहज्यादादा वेस्त्याच्या मागे निघाले, तेव्हा त्यालाही उठावे लागले.

त्या चालण्याविषयी पुढे रेहज्यादादा जन्मभर सांगत. म्हणत, पायाखाली पाकळ्या होत्या पण आवाज नव्हता. झाडे होती पण एकही आडवे आले नाही. वारा पडला होता, तरी पाकळ्या हळूहळू गळत होत्या आणि अंगावर बसत होत्या. किती चाललो ते कळले नाही. दमलो नाही, तहान लागली नाही, आणि लहानपणी आईच्या पाठीवर झोळीत बसून रान पाहायचो तसे ते रान दिसत होते. मध्ये एक मोठा डोंगर पडतो. तो आम्ही चढलो नाही, उतरलो नाही, आणि तरीही समोर बेलाची राई आली!

राईत झिऱ्याकाठी महाराज बसले होते. त्यांच्या मांडीवर मान टाकून एक चितळाची मादी डोळे मिटून पडली होती. तिचे भरलेले पोट श्वासाबरोबर वरखाली होत होते. कुशीवर जखम नव्हती. जिथे तीर लागला असे शिकारी सांगत होते तिथे फक्त एक पांढरा ठिपका होता, बाकीच्या ठिपक्यांहून जरा मोठा, अगदी नवा.

आणि महाराजांच्या उजव्या खांद्यात तीर रुतलेला होता. मोराची पिसे, पिसांखाली पिवळा दोरा. रक्ताची धार कोपरापर्यंत उतरून वाळली होती.

"बाबा!" वेस्त्या ओरडला आणि धावला.

महाराजांनी डावा हात वर केला. "हळू रे. आत्ताच डोळा लागलाय तिचा." मग ते जामसिंगकडे पाहून हसले. "ये बाळ. ज्याने सोडला त्यानेच उपसायचा, अशी रीत ना तुमची? केव्हाची वाट बघतोय तुझी."

जामसिंग जागचा हलेना. सकाळी आपण काय बोललो होतो ते त्याच्या कानात घुमू लागले. थेट तुझ्या बुवाकडे जाऊन बसेल! तो कसाबसा पुढे आला, त्याने तीर धरला, डोळे गच्च मिटले आणि उपसला. महाराजांच्या तोंडून "हं" एवढाच आवाज निघाला. ताजे रक्त आले. वेस्त्याने मुंडासे सोडून खांद्यावर दाबून धरले.

रेहज्यादादांनी झिऱ्याकाठचा सपाट दगड हाताने पुसला. "ठेव इथं. घरंगळव."

"नको दादा," जामसिंग म्हणाला. "तीर सरळ होता. शिंगाळा लांब होता. मादी जवळ होती. तिचं पोट दिसत होतं मला. पण पहिला तीर माझाच लागायला हवा होता, म्हणून सोडला. शपथ खोटी घेतली मी."

मादीने कान हलवला आणि पुन्हा झोपली.

वेस्त्याचा विस्तव वाचला होता, पण त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. मुंडासे दाबून धरलेल्या आपल्या हातांकडे तो पाहत होता. "बाबा," तो हळूच म्हणाला, "तीर मी केला. तुमचं नाव घेऊन केला. आणि तो तुम्हालाच लागला. आता मी बोरूला हात लावू का नको?"

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "वेड्या, तो तिच्या कुशीत गेला तेव्हा कोणाकडे जायचं ते त्याला कळलं कसं? तू नाव सांगून ठेवलं होतंस म्हणून. दुसऱ्या कोणी केलेला असता, तर ही आणि हिच्या पोटातलं पाडस, दोघं आज गेली असती."

वेस्त्या लहान मुलासारखा रडला. धन्य तो म्हातारा आणि धन्य त्याची चूक! महाराजांनी ती का दुरुस्त केली नव्हती ते रेहज्यादादांना त्या क्षणी उमगले.

जामसिंगने महाराजांच्या पायांकडे धाव घेतली, पण महाराजांनी पाय हळूच आखडून घेतले. "मांडीवर बाई झोपलीय, इथं गर्दी नको," ते म्हणाले. "नमस्कार करायचा तर वेस्त्याच्या घरी जाऊन कर. त्याची बायको केव्हाची एकटी बसलीय."

तिघे परतले तेव्हा दिवस बुडत होता. झोपडीत झिनी खापरावर ओणवी होऊन बसली होती. दुपारपासून कोणी कोळसा घातला नव्हता, आणि तिलाही भीतीने तो सुचला नव्हता. वर सारी राख. आत कुठेतरी एक निखारा, तोही काळवंडत चाललेला.

"काकी, सरा," जामसिंग म्हणाला.

दाराची चौकट बुटकी होती. तो वाकून आत आला. त्याने राख बाजूला सारली, कोळशाचे खडे रचले आणि गुडघे टेकले. खापर जमिनीत पुरलेले, निखारा तळाशी. तिथवर फुंकर पोहोचायची तर कपाळ जमिनीला लावावेच लागे. जामसिंगने कपाळ जमिनीला लावले आणि फुंकर घातली. पुन्हा घातली. राख उडून त्याच्या केसांत, डोळ्यांत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते राखेमुळेच वाहत होते असे म्हणायला तिथे कोणी तयार नव्हते.

निखारा फुलला. झोपडीत उजेड पडला.

"काका," जामसिंग तसाच वाकलेला म्हणाला, "कामठा उद्या आढ्याला टांगतो. पण मला तीर करायला शिकवाल का?"

वेस्त्याने कोपऱ्यातून एक कोरा बोरू काढला आणि त्याच्या हातात दिला. "धर डोळ्यासमोर," तो म्हणाला. "आणि नाव घे."