चुकलेल्या बाणाचा माग

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याचा बाण म्हणे कधीच चुकत नसे. हे मी म्हणत नाही, त्याचे भाट म्हणत. मला विचाराल तर असल्या माणसाच्या हाती धनुष्य देण्यापेक्षा फुंकणी दिली असती तर निदान चूल तरी पेटली असती. पण आपल्याला विचारतो कोण? तेव्हा ऐका.

राजाचं नाव रणमल्ल. दर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्याची शिकार निघे. दोनशे हाकारे ढोल बडवत रान उठवीत, भेदरलेली जनावरं मचाणाखाली येत, आणि मचाणावर तक्क्याला टेकून बसलेले महाराज बाण सोडीत. बाण लागे. लागणारच. कारण आदल्या दिवशी राजाचे पारधी हरणं जाळ्यात धरीत, त्यांच्या मागच्या पायाची शीर सुरीने तोडीत आणि त्यांना मचाणाजवळच्या झुडपांत सोडून देत. लंगडं जनावर पळून पळून किती पळेल? हा रिवाज राजाच्या आजोबांपासून चालत आलेला. राजाला तो ठाऊक होता का? त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारण्यात त्याची मोठी सोय होती.

शीर तोडायचं काम खेमा पारध्याचं. तीस वर्षं त्याने ते मुकाट्याने केलं. मग एकदा जाळ्यात एक हरिणी सापडली, खेमाने सुरी काढली, आणि त्याचा हात काही चालेना. त्याने तिला तशीच, चारी पायांनी धडधाकट, झुडपात सोडली आणि कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले आणि हरिणी सुसाट निघाली. खरं पळणारं हरीण राजाने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बाण सुटला, तो काळजात न बसता मांडीत बसला. हरिणी पडली, उठली, आणि मांडीतला बाण घेऊन रानात दिसेनाशी झाली.

आता पारध्यांचा एक नियम असतो. जनावर जखमी केलं, तर त्याचा माग सोडायचा नाही. ते सापडेपर्यंत चालायचं, सापडलं की त्याचे हाल संपवायचे, आणि मगच घरी यायचं. पण दरबाराचा नियम निराळा. राजाचा बाण चुकत नाही, म्हणून जखमी जनावर उरत नाही, म्हणून मागावर जाणारा राजद्रोही. तेव्हा मुदपाकखान्यातून एक मेलेला बोकड हरणाच्या कातड्यात गुंडाळून आणला गेला, भाटांनी जयजयकार केला, आणि भर दुपारी रानाच्या कडेला तंबूत पंगत बसली. त्या पंगतीत शिरून खेमा हात जोडून उभा राहिला.

"महाराज, हरिणी जिवंत आहे. मांडीत बाण आहे. मला मागावर जाऊ द्या."

राजाने राजपंडिताकडे पाहिलं. पंडिताने घास गिळला आणि म्हणाला, "राजाचा बाण चुकत नाही. सबब जखमी हरिणी असू शकत नाही. जी नाहीच, तिचा माग कसला?"

धन्य ती विद्या. बारा वर्षं गुरूच्या घरी पाणी भरून मेल्याने एवढंच मिळवलं होतं.

राजाची एकुलती एक मुलगी कनकलेखा पंगतीतच होती. वीस वर्षांची, बापासारखीच हट्टी. ती पानावरून उठली.

"बाबामहाराज, आपल्या कोठारात धान्य कमी पडलंय का?"

"नाही."

"हरिणी कुणाचं शेत खात होती? कुणावर चालून आली होती?"

"नाही. पण शिकार हे शौर्य आहे. तो रानाशी सामना आहे. वाघही मारतो, त्याला कुणी जाब विचारत नाही."

"वाघ तक्क्याला टेकून मारत नाही. त्याच्यासाठी कुणी ढोल वाजवत नाही. वाघ चुकला तर उपाशी राहतो. तुम्ही चुकलात तर बोकड खाता."

सगळी पंगत पानात बघत बसली. खेमा हळूच म्हणाला, "राजकन्ये, मारतो तर मीही. माझ्या घरची चूल त्यावरच आहे. मारू नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? जे सुरू केलं ते संपवा, एवढंच माझं मागणं."

"मी म्हणते, सुरूच करू नका," कनकलेखा म्हणाली. "पण आज निदान खेमाकाका सांगतात तेवढं तरी करा."

राजाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "या पारध्याला कोठडीत घाला," तो म्हणाला, आणि त्याने भाताला हात घातला. तीन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला कनकलेखा मांडी धरून खाली बसली. शालू रक्ताने भिजला. बायकांनी आडोसा करून पाहिलं, तर मांडीत बाणाएवढी जखम, आणि बाण कुठेच नाही.

वैद्य आले, लेप आले, काढे आले. जखम भरेना. चौथ्या दिवशी सकाळी राजकन्येच्या खिडकीत एक टिटवी येऊन बसली आणि माणसाच्या आवाजात बोलू लागली.

"रणमल्ला, हे रान राखणाऱ्या वनजोगिणीचा निरोप ऐक. हरिणी जे सोसते ते तुझी मुलगी सोसेल. ज्याचा बाण त्यानेच माग काढायचा. एकट्याने, पायी, ढोलाशिवाय. कामं तीन आहेत. पहिलं, माग वाचत ओढ्यापर्यंत ये. दुसरं, ओढ्यावर एक सांबर चरतो, धडधाकट आहे, त्याला हात लाव. तिसरं काम तिथे पोचलास की कळेल."

"शिक्षा मला दे म्हणावं," राजा म्हणाला. "मुलीने काय केलं?"

"तुला जखम झाली असती तर तू ती रणांगणावरची म्हणून मिरवली असतीस," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

बरं, एवढं ऐकून तरी राजाने उठावं की नाही? छे. त्याने पाचशे शिपाई पाठवले. ते रानात जिथून शिरले तिथूनच बाहेर आले. मग परमुलखातले नामांकित शिकारी आणले. तेही गरगर फिरून वेशीवर परत. मग पंडिताने होम घातला, त्याचा धूर तेवढा घरभर झाला. असे जखमेपासून सतरा दिवस गेले. मुलगी कण्हते आहे, आणि बाप माणसं पाठवतो आहे. सांगताना माझंच डोकं फिरतं. शेवटी सतराव्या दिवशी कनकलेखाने डोळे उघडले आणि विचारलं, "बाबामहाराज, अजून कुणाकुणाला पाठवणार?"

तेव्हा कुठे राजा उठला. त्याला जायचं होतं, पण माग म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो कोठडीत गेला आणि खेमासमोर जमिनीवर बसला.

"मला माग वाचायला शिकव."

खेमा म्हणाला, "आधी माझं ऐका, महाराज. मी तिची शीर तोडली नाही. तोडली असती तर ती तुमच्या बाणाने जागच्या जागी मेली असती. मला दया आली, आणि त्या दयेने तिचे हे हाल केले."

"शीर तोडत होतास?"

"तीस वर्षं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मग खेमाने कोठडीतली माती पसरली आणि चार दिवस राजाला शिकवलं. घाबरलेल्या जनावराचा खूर किती खोल उमटतो, दुखरा पाय कसा ओढला जातो, वाकलेलं गवत कुठल्या बाजूला पडतं. चूक झाली की खेमा त्याच्या हातावर काडी मारी, आणि राजा ती खाऊन घेई. निघताना राजाने कोठडीचं दार उघडं टाकायला सांगितलं.

त्या रानात अपुरा माग पुसला जात नाही. इतके दिवस झाले तरी रक्ताचे थेंब ओलेच होते. पण दोन थेंबांत कधी दहा पावलांचं अंतर, कधी शंभर. पहिल्याच फाट्यावर राजाने छाती पुढे काढून सांगितलं, "ती इकडे गेली."

"थाप," डोक्यावरून टिटवी म्हणाली. "हे रान आहे, तुझा दरबार नाही. इथे तू म्हणशील तिकडे हरीण जात नाही."

राजा गुडघ्यांवर आला. ओणव्याने, रांगत, त्याने दोन दिवस माग काढला. त्याला हरिणीचं सगळं चालणं दिसलं. सात ठिकाणी ती बसली होती आणि प्रत्येक जागी आधीपेक्षा जास्त रक्त होतं. एका ठिकाणी तिने मान वळवून दातांनी बाण उपटायचा प्रयत्न केला होता, लाकडाच्या चावलेल्या ढलप्या तिथे पडल्या होत्या. राजाने त्या उचलल्या आणि तो तिथेच ओकला. मग तोंड पुसून पुढे निघाला, आणि ओढ्यावर पोचला.

काठावर सांबर चरत होता. पहिल्या दिवशी राजा शंभर पावलांवर आला तोच सांबर उधळला, कारण राजाच्या अंगाला अत्तराचा वास होता. दुसऱ्या दिवशी तो अंगाला चिखल फासून निघाला, पण वारा पाठीमागून येत होता. तिसऱ्या दिवशी त्याने वारा तोंडावर घेतला आणि पोटावर सरपटत निघाला. सूर्य उगवताना निघाला तो डोक्यावर आला तेव्हा पोचला. मुंग्या चावल्या, काटे रुतले, त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटी बोटं सांबराच्या बरगड्यांना लागली. गरम कातडी थरारली, आणि एका उडीत सांबर गेला. राजा तिथेच बसून राहिला.

"इतकी वर्षं मी शिकार केलीच नाही," तो म्हणाला.

"आम्हा सगळ्यांना माहीत होतं," टिटवी म्हणाली.

ओढ्यापलीकडे करंजाखाली हरिणी पडली होती. मांडी सडली होती, माश्या घोंगावत होत्या. डोळे उघडे होते. शेजारी वनजोगीण बसली होती, काळीसावळी, म्हातारी, केस मोकळे.

"तिचं मरण मी वाटेत अडवून ठेवलंय," ती म्हणाली. "ज्याने जखम केली, शेवट त्याने करायचा. हे तिसरं काम."

"बाण उपटला तर वाचेल?"

"नाही."

"मग मी तिला मारलं तर माझ्या मुलीचं काय?"

"ते सांगणार नाही. नाही मारलंस तर दोघी जगतील. अशाच."

राजा उसळला. "मी एकदा चुकलो, तू सत्तावीस दिवस हिला या नरकात ठेवलंस. माझ्याहून क्रूर तूच आहेस."

"आहे," जोगीण म्हणाली. "पण मला भाट नाहीत."

राजा हरिणीजवळ बसला. ती कण्हली. तेच कण्हणं तो वाड्यात रोज भिंतीपलीकडून ऐकत आला होता. त्याला वाटलं, उठावं आणि निघून जावं. मुलगी जिवंत राहील. कण्हेल, पण राहील. कोणता बाप असं म्हणणार नाही? तो उठलाही. दोन पावलं गेला. मग त्याला कळलं की आपण पुन्हा पंगतीलाच निघालोय. दुसऱ्याला सोसायला लावून स्वतः घरी जायचं, तेवढंच तर तो आजवर करत आला होता.

तो मागे फिरला. त्याने हरिणीची मान मांडीवर घेतली, डोळ्यांवर हात ठेवला आणि सुरी एकदाच चालवली. रक्त त्याच्या हातांवर आलं. हरिणी शांत झाली. राजाने हात पुसले नाहीत, तसाच बसून राहिला आणि वाट पाहू लागला. टिटवी काय सांगत येईल, याचीच त्याला भीती होती.

बऱ्याच वेळाने टिटवी आली. "तुझी मुलगी उठून बसली. पाणी मागतेय."

राजा आडवा पडून रडला. जोगिणीने त्याला रडू दिलं, मग एक फावडं आणून दिलं, आणि हरिणीला पुरूनच तो निघाला.

परत आल्यावर त्याने भर दरबारात सगळं सांगितलं, शीर तोडण्यापासून बोकडापर्यंत. ढोल बडवून रान उठवणं बंद झालं, मचाण मोडलं गेलं. ज्याच्या घरी चूल मांसावर चालते त्याने पायी जावं, आणि जखमी केलं तर माग संपवल्याशिवाय वेशीत पाऊल ठेवू नये, मग तो राजा का असेना, असा कायदा झाला. तो पाळला जातो की नाही हे बघायला खेमाला रानावर नेमलं. राजपंडिताने लगेच उभं राहून हे सगळं शास्त्रात आधीपासूनच आहे असं सिद्ध केलं. त्याला कोण काय करणार?

संध्याकाळी राजा मुलीच्या दालनात गेला. जखम मिटली होती, कनकलेखा काठीला धरून उभी होती.

"ती किती दिवस तशी पडली होती?"

"सत्तावीस."

"मला वैद्य होते, गादी होती, पाणी द्यायला माणसं होती. तरी मी रोज मरण मागत होते. तिच्याजवळ काय होतं?"

"माझं चुकलं."

"हो, चुकलं. आता सत्तावीस दिवस माझ्याशी बोलू नका."

राजाने मान खाली घातली आणि तो निघून गेला. कुणी मध्यस्थी करायला गेलं तर त्यालाच त्याने हाकलून लावलं. राज्याची घडी बसली, रानात हरणं निवांत चरू लागली, आणि वाड्यात मात्र बापलेकींत एक शब्द नव्हता. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी कनकलेखा स्वतःहून आली, बापासमोर बसली आणि म्हणाली, "सांगा."

त्याने पहिल्या बाणापासून शेवटच्या सुरीपर्यंत सांगितलं. ओकलेलं सांगितलं, दोन पावलं परत निघालेलंही सांगितलं. त्या दोन पावलांपाशी तिचा चेहरा पांढरा पडला, पण तिने त्याला थांबवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही माफी मागितली नाही.