पिसमाशी आणि रिकामा दगड

एका डोंगराळ गावात एक मुलगी नऊ वर्षांनी परत आली. सात घाट चढताना तिने मनात गावाचं चित्र रंगवलं होतं. चुली थंड असतील, टोपल्या रिकाम्या असतील आणि नदीकाठी हाडकुळी माणसं गळ टाकून बसलेली असतील. आपण गेल्यागेल्या त्यांना शिकवायला लागू, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिच्या पाठीवरच्या पेटीत चाळीस तऱ्हेची पिसं होती आणि डोक्यात चाळीस तऱ्हेच्या किड्यांची नावं.

पण गावात पाऊल टाकलं तर तळलेल्या माशांचा वास आला. ओट्याओट्यावर मासे वाळत होते. मांजरं इतकी सुस्तावली होती की समोर पडलेलं माशाचं डोकंही हुंगत नव्हती.

"आलीस का पोरी," गावचे म्होरके ओट्यावरून म्हणाले. "उपाशी असशील तर जेव, नसशील तरी जेव. आमच्याकडे हल्ली नाही म्हणायची सोय राहिलेली नाही."

मुलगी हसली. पण तिला काही उमगेना.

त्या गावची नदी बर्फातून निघायची आणि तिच्या गार पाण्यात ट्राउट नावाचे ठिपकेदार मासे राहायचे. हा मासा भारी चोखंदळ. कणकेची गोळी लावा, गांडूळ लावा, त्या नदीतला मासा ढुंकून बघायचा नाही. त्याला हवी पाण्यावर नुकतीच उतरलेली माशी. म्हणून गावातले लोक गळावर कोंबडीचं पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून हुबेहूब माशी बांधायचे. तिला ते पिसमाशी म्हणायचे. लांब काठीने ती पिसमाशी अलगद पाण्यावर टेकवायची आणि वाट बघायची.

बांधण्याआधी रोज एक रीत पाळली जायची. बांधणारी बाई नदीत उतरून तळाचा एक दगड उचलायची, उलटा करायची आणि त्याला खालून चिकटलेले किडे बघायची. ते तपकिरी असले तर त्या दिवशी तपकिरी पीस, हिरवट असले तर हिरवट. याला गावात 'दगडाला विचारणं' म्हणत.

मुलीची आत्या गावची बांधणारी होती. आईबाप नसलेल्या भाचीला तिनेच वाढवलं. एका वर्षी पिसमाश्या भिजून बुडायला लागल्या, मासे फिरकेनात आणि गावावर उपासमार आली. तेव्हा आत्याने अकरा वर्षांच्या भाचीला सात घाटांपलीकडच्या शाळेत धाडलं. "काहीतरी शीक आणि ये," एवढंच ती म्हणाली होती.

आता तीच आत्या दारात उभी होती, गालावर मांस चढलेलं, कपाळावर मोठं कुंकू.

"हे सगळं तुझ्यामुळे गं," आत्याने तिला कवटाळलं. "तीन वर्षांपूर्वी तू निळी पूड पाठवलीस ना? पाण्यात कालवून पीस त्यात बुडवलं की बुडतच नाही. वर चमकतं असं, की मासे वेडे होतात. चिठ्ठीत लिहिलंस तसं अक्षरशः करतो आम्ही. म्होरक्यांनी वाचून दाखवली होती. आता तर व्यापारी पूड पोत्याने आणतो. घरोघरी पिसं भिजतात."

त्या पुडीचं पुढे काय झालं, हे मुलीला कधी कळलंच नव्हतं. तिला आनंदाने भरून आलं. एक चिमूटभर पूड, एक चिठ्ठी, आणि सगळं गाव पोटभर जेवतंय. यासाठीच तर ती शिकली होती.

"उद्या मोठ्या पकडीचा दिवस," आत्या म्हणाली. "पहिला गळ तू टाकायचा. सगळ्यांनी ठरवलंय."

संध्याकाळी मुलगी नदीकाठी गेली. ही तिची आवडती वेळ. या वेळी पाण्यातून नाजूक पंखांच्या माश्या ढगासारख्या उठायच्या. गावात त्यांना एकदिवशी म्हणत, कारण त्या दोन वर्षं दगडाखाली अळी होऊन राहायच्या आणि एकच दिवस पंखांवर जगायच्या. त्यांच्यावर झडप घालायला पाकोळी पक्षी यायचे आणि काठाकाठाने बेडूक ओरडायचे.

आज पाणी गुळगुळीत होतं. वर एकही माशी नव्हती, एकही पाकोळी नव्हती. तिने कान दिला. नदी वाहत होती, तेवढाच काय तो आवाज.

ती घाईघाईने घरी आली. ओट्यावर दिवा लावलेला होता. दिव्याभोवती काहीच फिरत नव्हतं.

"आत्या, दिव्यावर किडे येत नाहीत?"

शेजारच्या काकू मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "ऐका. नऊ वर्षं शिकून आली, आणि किडे नाहीत म्हणून हिला करमत नाही. उद्या डास नाहीत म्हणून रडेल."

"झोप लागते आता निवांत," आत्या म्हणाली. ती पिसमाशी बांधत होती. तिची बोटं पेरांपर्यंत निळी झाली होती. दोरा ओढताना सुई बोटात रुतली, रक्ताचा थेंब आला, पण आत्या बोलतच राहिली.

"आत्या, सुई."

"असू दे. पेरांना कळतच नाही हल्ली काही. बरंच झालं, पूर्वी किती टोचायची."

मुलीने तिचं बोट फडक्याने पुसलं. "पिसं धुतलेलं पाणी कुठे टाकता गं?"

"नदीत," काकूच म्हणाल्या. "आधी अंगणात ओतायचो, पण कोंबड्या मरायला लागल्या. कोंबड्या मेल्या तर पिसं कुठून आणायची? म्हणून नदीत ओततो. वाहून जातं."

मुलीने काकूंपुढचा एक मासा हातात घेतला. डोकं मोठं आणि अंग बारीक, चिमटीत मावेल एवढं. तिने पोट चिरलं. चांगल्या माशाच्या पोटात किड्यांचा काळा लगदा असतो, हे तिने लहानपणी शंभर वेळा पाहिलं होतं. या पोटातून निळी पिसं निघाली. नुसती पिसं आणि दोरे, तुटलेल्या गळांवरच्या पिसमाश्या, एकमेकींत गुंतलेल्या.

दुसरा मासा चिरला. तेच. तिसरा चिरला.

"अगं, ते काय चाललंय," काकू म्हणाल्या. "गळ तुटतात, मग पिसं निघायचीच पोटातून. मोजून ठेवलेत मी."

तेव्हा मुलीला सगळं कळलं. मासे वेडे झाले नव्हते. मासे उपाशी होते. खाण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ते पिसांवर तुटून पडत होते.

आणखीही एक गोष्ट तिला आठवली. शाळेत पूड देताना गुरुजी म्हणाले होते, "धुतलेलं पाणी नदीत जाऊ देऊ नका. लांब खड्डा खणून त्यात पुरा." चिठ्ठी लिहिताना तिने पूड किती घ्यायची ते लिहिलं, किती वेळ भिजवायचं ते लिहिलं. मग कागद संपत आला, व्यापारी निघायची घाई करू लागला, आणि तिला वाटलं, चिमूटभर पुडीने कसली नदी बिघडते? ते एक वाक्य तिने लिहिलंच नाही.

चिठ्ठीत लिहिलं तसं गावाने अक्षरशः केलं होतं.

काकू गेल्यावर तिने आत्याला सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. तिच्या हातातली पिसमाशी खाली पडली, तेही तिच्या बोटांना कळलं नाही.

"तू दगडाला कधी विचारलं होतंस शेवटचं?" मुलीने विचारलं.

"गरजच पडली नाही गं. काहीही टाकलं तरी घेतात, मग कशाला गार पाण्यात उतरायचं?" आत्याने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "हे कोणाला सांगू नकोस."

"आत्या."

"तुला आठवत नाही, मला आठवतं. मासा मिळेना त्या वर्षी माझ्या दाराशी उभं राहून लोक काय काय बोलले. बांधणारीचा हात वाईट, म्हणाले. आता तेच लोक मला पहिलं पान वाढतात. उद्या तू सांगितलंस, तर ते विषाचं पाणी आपल्याच अंगावर ओततील. या वर्षी खाऊ दे त्यांना. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी काय खातील?"

आत्याने दिवा मालवला.

मुलीला नदीची काळजी वाटत होती आणि गावाची भीती. गप्प राहिलं तर कोणालाच कळणार नव्हतं. मासे कधीतरी संपतील, लोक नशिबाला दोष देतील, आणि ती कायम या गावाला सुबत्ता आणणारी मुलगी राहील. फार सोपं होतं ते. ते इतकं सोपं आहे, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

सकाळी अख्खं गाव काठावर जमलं. ढोल आला. म्होरक्यांनी नवी काठी तिच्या हातात दिली. दोरीच्या टोकाला आत्याने बांधलेली निळी पिसमाशी चमकत होती.

"टाक पोरी. पाण्याला लागायच्या आत मासा येतो की नाही बघ."

मुलीने काठी खडकाला टेकवून ठेवली आणि ती पाण्यात उतरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून तिने तळाचा एक दगड उपसला आणि उलटा केला. तो धुतलेल्या वाटीसारखा स्वच्छ होता. तिने दुसरा काढला, मग तिसरा. कुठेही काही हललं नाही.

"आंघोळ नंतर कर, पकड आधी," काठावरून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

ती दगड घेऊन वर आली आणि तो म्होरक्यांच्या हातात दिला. "याला विचारा, आजोबा."

म्होरक्यांनी दगड फिरवून पाहिला. ते म्हातारे होते. लहानपणापासून त्यांनी असे दगड पाहिले होते, पण असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो शेजारच्या माणसाकडे दिला, त्याने पुढच्याकडे. दगड हातोहात फिरू लागला आणि तो जिथे पोचे तिथलं हसू थांबे. ढोलही थांबला.

"खाली काहीच नाही," एक बाई हळूच म्हणाली. "मग मासे खातात काय?"

"पिसं," मुलगी म्हणाली. "पिसं धुतलेल्या पाण्याने किडे मेले. ते पाणी नदीत ओतू नका, असं चिठ्ठीत लिहायचं होतं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. चूक आत्याची नाही, तुमची नाही. माझी आहे."

काकूंनी तोंडावर पदर धरला. म्होरके तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिला पहिल्यांदाच बघत होते.

मुलीने दोरीवरची निळी पिसमाशी दातांनी तोडली आणि मुठीत घेतली.

"आज मी गळ टाकणार नाही. मी वर जाते, जिथवर आपलं पाणी पोचत नाही तिथवर. तिथले किडे चिकटलेले दगड ओल्या फडक्यात गुंडाळून एकेक करून खाली आणीन. या दगडाखाली काही हलेपर्यंत आणीन. दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील. तोवर मला या गावात राहू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

काठावरची एक रिकामी टोपली उचलायला ती वाकली. टोपलीचा दुसरा कान आधीच कोणीतरी धरला होता. निळी पेरं होती ती.

"वर मी येते तुझ्याबरोबर," आत्या म्हणाली. "पण आधी मला सांग, खड्डा नदीपासून किती लांब खणायचा?"

तात्पर्य: आपली चूक गावाला गोड लागली तरी ती चूकच असते, आणि ती आपल्याच तोंडाने सांगावी लागते, म्हणून टोपली भरलेली दिसली तरी दगड उलटून बघायला विसरू नये.