लवणाईचं पोट

मी सांगते ते कुणाला पटत नाही, हे आधीच बोलून ठेवते. टेकडीच्या पायथ्याला खणानारळाचं दुकान लावण्यात माझा जन्म गेला, आणि वर जाऊन आलेला प्रत्येक जण खाली येऊन मलाच शिकवतो. परवा एक चष्मेवाले म्हणाले, देवीचं पोट पुढं आलंय ते दगड पाण्यानं झिजून. मी विचारलं, झिजल्यावर पोट आत जातं की बाहेर येतं? तर नारळाचं पाणी पिऊन निघून गेले.

तर निंबखोऱ्याच्या टेकडीवरची आमची लवणाई गरोदर आहे. आठवा लागला असावा असं पोट आणि ओठाला गूळ. पूर्वी ती अशी नव्हती, इतर देवींसारखी सपाट पोटाची होती, असं सांगतात.

त्या काळी गावात बयजा नावाची बाई होती. घरात धान्याच्या कणग्या भरलेल्या, पण सून गरोदर राहिली की ही तिच्या ताटातली भाकरी निम्मी करायची. पोटुशीनं पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं, हे तिचं म्हणणं. समजूत साऱ्या गावाचीच होती, बयजा ती जरा मन लावून पाळायची. थोरली सून तिनं अशीच अर्ध्या भाकरीवर ठेवली. मूल बारीक झालं खरं, पण ते बाहेर ढकलायला आईच्या अंगात जीवच उरला नव्हता. दोघंही गेली. तर बयजा म्हणाली म्हणे, आणखी कमी खायला पाहिजे होतं.

मग धाकट्या सुनेला, चिमाला, दिवस गेले. जाऊ कशी गेली ते चिमानं उशाशी बसून पाहिलं होतं. आपण तसं मरायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं.

बयजाच्या घराला नैवेद्याचा मान होता. चिमा रोज ताट घेऊन टेकडी चढायची. नाचणीची भाकरी, हरभऱ्याची घट्ट आमटी, माठाची भाजी, वर गुळाचा खडा. ताट देवीपुढं ठेवायचं, दार ओढून घ्यायचं, थोड्या वेळानं रिकामं ताट घरी न्यायचं. आजवर ते रिकामं करायचा सटवाजी गुरव. हे देवीला माहीत होतं, गावाला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आता चिमा दार आतून लावून बसायला लागली. महिन्याभरात तिच्या गालावर तकाकी आली आणि गुरवाच्या बरगड्या दिसायला लागल्या.

गुरव पारावर गेला. माझं जेवण बुडालं असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यानं सांगितलं की देवीचा नैवेद्य चोरीला जातोय. बयजाला आणि चिमाला बोलावणं गेलं, आणि सगळ्यांनी चिमाकडं पाहिलं.

‘देवी जेवते,’ चिमा म्हणाली.

कुणाला खरं वाटलं नाही. बयजानं विचारलं, ‘दगडाची देवी कधी जेवते काय गं?’

‘मग आत्याबाई, रोज ताट कुणाला पाठवता?’

पारावरची माणसं चिडली. ठरलं असं, की मंगळवारी ताट देवळात ठेवून दाराला कुलूप घालायचं, किल्ली बयजाच्या कमरेला, आणि चिमानं बाहेर सगळ्यांपुढं बसायचं. ताट भरलेलं निघालं तर चिमा चोर, तिनं पोटुशी असली तरी घर सोडून जायचं. म्हणतात, कुलूप लागल्यावर चिमानं दाराला कपाळ टेकवलं आणि हळूच म्हणाली, ‘बाई, आजचा दिवस माझ्या वाटचं तू खा.’

दुपार कलल्यावर बयजानं दार उघडलं. ताट चाटूनपुसून लख्ख. देवीच्या ओठाला गूळ. आणि पोट असं पुढं आलेलं, की नेसवलेलं लुगडं अपुरं पडलं.

सगळे तोंड उघडून उभे राहिले. आधी भानावर आला तो गुरव. भुकेलं माणूस लवकर भानावर येतं. ‘बयजाक्का, आता हिलाही दिवस गेले,’ तो म्हणाला. ‘उद्यापासून हिचीही भाकरी निम्मी करायची ना?’

‘देवीची गोष्ट वेगळी,’ बयजा म्हणाली.

‘वेगळी कशी, आत्याबाई?’ चिमा म्हणाली. ‘बाळंत तर तिलाही व्हायचंय.’

बयजानं त्या दगडाच्या पोटावर हात ठेवला. मग थोरलीचं नाव घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडली, असं सांगतात. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर दोन ताटं जायला लागली, तीही बयजाच्या डोक्यावरून. एक चिमाचं, एक देवीचं. देवीचं ताट कोण संपवायचं ते मला विचारू नका, गुरवाच्या बरगड्या पुन्हा झाकल्या एवढं खरं. चिमाला कळा आल्या तेव्हा अंगात जोर होता. मुलगी झाली, आणि तिचं रडणं टेकडीवर ऐकू गेलं. देवी मात्र अजून मोकळी झालेली नाही. झाली, तर सासवा पुन्हा भाकरी मोडायला बसतील, हे ती ओळखून आहे.

आजही निंबखोऱ्यात सुनेला सातवा लागला की सासू ताट घेऊन तिच्याबरोबर टेकडी चढते, सुनेच्या चालीनं, वाटेत बसवत बसवत. सून देवीपुढं बसून जेवते आणि सासू उभ्यानं वाढते. मंगळवारी आशाताईही रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन तिथंच बसते. गोळी गिळल्याशिवाय खाली उतरू देत नाही, आणि बाळंतपणाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, गाडी कुणाची, हे देवीसमोर सासूच्या तोंडून वदवून घेते.

आणखी एक रीत आहे. पोटुशीच्या घरात डब्यातले लाडू गेले, दुधावरची साय गेली, तर चोर शोधायचा नाही. सासूनं विचारलंच, तर सून तोंड पुसत एकच नाव सांगते.

लवणाई.