केरबाचा न दिसणारा लेप

एका गावात एक भोळा मूर्तिकार होता. नाव केरबा. शाडूचे गणपती असे करायचा की बघत राहावं. मातीत त्याचं डोकं चाले. बाकी कुठंच चालत नसे.

त्या वर्षी त्याची बायको सुंदरा काळजीत होती. शेजारच्या गावात मूर्तींचं नवं दुकान निघालं होतं. ती म्हणाली, "अहो, यंदा घोळ नको. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत आपल्याकडेच आलं पाहिजे."

तिचा भाऊ विलास शहरातून एक बाटली घेऊन आला. "दाजी, हे खिडकीच्या काचेला लावा. लेप दिसणार नाही, पण पाणी टिकणार नाही. घरंगळून जाईल, जाताना धूळही नेईल."

केरबाने लेप लावला. दिसला नाही. पुन्हा लावला. दिसला नाही. संध्याकाळपर्यंत लावतच होता.

सुंदराने त्याचा हात धरला. "अहो, दिसलं नाही तरी लागलंय असं समजायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी तिने दाराला रंग द्यायला सांगितलं. केरबाने कोरडा ब्रश दारावरून फिरवला.

"रंग कुठाय?"

"दिसत नाही. पण लागलाय असं समज."

"अहो, दिसेपर्यंत द्यायचा!"

"बरं."

मग ती म्हणाली, "आमटीत मीठ घाला." केरबाने चिमूट टाकली. दिसेना. मूठ टाकली. दिसेना. बरणी उपडी केली, तेव्हा कुठं तळाशी मीठ दिसलं.

पहिल्या घासालाच विलासने तांब्या तोंडाला लावला. सुंदराने कपाळावर हात मारला. "अहो, पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूला जरा जपावं!"

"बरं," केरबा म्हणाला. या वेळी त्याला अगदी मनापासून पटलं. समोर शाडूच्या मूर्ती ओळीनं वाळत होत्या. त्याने उरलेल्या लेपाची बाटली उचलली.

मूर्ती हातोहात गेल्या. लोक म्हणाले, "केरबा, बाप्पावर धूळसुद्धा बसत नाही रे!" सुंदराचा जीव भांड्यात पडला.

विसर्जनाला घरोघरी बाप्पा बादलीत गेले. सकाळी लोक विरघळलेली माती तुळशीला घालायला गेले, तर बाप्पा जसेच्या तसे. सोंड जागेवर, मोदक जागेवर. लोकांनी पाणी बदललं. कोमट पाणी घातलं. बाप्पा गालातल्या गालात हसत होते.

शेवटी सगळा गाव बादल्या घेऊन केरबाच्या दारात उभा राहिला. तात्या मुळीक ओरडले, "आमचा बाप्पा विरघळेना! आता पुढच्या वर्षी नवा कशाला घेऊ?"

सुंदरा मटकन खाली बसली आणि रडू लागली.

केरबाने दारातली रांग पाहिली. त्याचा चेहरा उजळला.

"अगं, रडतेस काय वेडे! पुढच्या वर्षाची वाटसुद्धा बघावी लागली नाही. एकूण एक गिऱ्हाईक परत आलं!"