ताम्रधुऱ्याची सरळ वाट

“…आणि ही घळ? ती कधी चढणार?”

माईंचे बोट नकाशावर एका निळ्या रेघेपाशी थांबले होते.

“पहाटे. ऊन लागायच्या आत,” यशोधन म्हणाला. “वरचा बर्फाचा कडा तेव्हा घट्ट असतो.”

“असतो?”

“बहुधा असतो.”

“हं.”

बोट पुढे सरकले.

कुटीच्या ओट्यावर दोघे बसले होते. समोर हिमनदी पसरली होती आणि तिच्या माथ्याशी ताम्रधुरा उभा होता. उतरत्या उन्हात खरोखरच तांब्याचा वाटावा असा. शेवटचे गाव दोन मुक्काम खाली राहिले होते. त्यापलीकडे मनुष्यवस्ती म्हणावी अशी ही एवढीच: एक दगडी कुटी, आणि तीत माई.

एके काळी या माईंना कालिंदीबाई म्हणत. गिर्यारोहणाच्या शाळेत कित्येक तुकड्यांना त्यांनी दोराची पहिली गाठ शिकवली होती. यशोधन त्यांच्याच हाताखालचा. मग एका वर्षी बाईंनी सगळे आवरते घेतले, भगवे लुगडे नेसले आणि इथे येऊन राहिल्या. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते. विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

यशोधनने आता चाळिशी ओलांडली होती. त्याच्या नावाला वजन आले होते. ताम्रधुऱ्यावर कडेच्या डोंगरधारेच्या लांब वाटेने काही जण जाऊन आले होते; समोरच्या सरळ अंगाने मात्र अजून कोणीही चढले नव्हते. ती सरळ वाट त्याने वर्षानुवर्षे आखली होती. तंबू कुठे ठोकायचा, वारा कुठल्या खांद्यावर घ्यायचा, आभाळ फिरले तर कुठे आडोसा शोधायचा, सगळे त्या एका कागदावर होते. त्यावर एकही खाडाखोड नव्हती, याचा त्याला अभिमान होता.

माईंनी नकाशा खालून वर पाहिला. मग वरून खाली. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिला.

यशोधन ताठ बसला होता. निकालाच्या दिवशी पोरगा बसतो तसा, असे त्याचे त्यालाच वाटले आणि थोडा रागही आला.

“चूक नाही,” माई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“वाट निर्दोष आहे. मला इतकी सरळ आखता आली नसती.”

हे वाक्य ऐकण्यासाठी तो उभ्या आयुष्यात किती डोंगर चढला होता! हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगावे, असे वाटले… आणि सांगावे असे कोणी आठवेना.

“दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण?” माईंनी विचारले.

“कोणी नाही. मी एकटाच.”

“सलील?”

यशोधन हसला. ते हसू काही चांगले नव्हते.

“सलील बाप झाला, माई. मुलगी झाल्यापासून साहेबांना नुसत्या नकाशातली घळ पाहून घाम फुटतो. चार मोसम झाले, आमचं बोलणं नाही.”

“बोलणं कोणी सोडलं?”

“…मी.”

“आई कशी आहे?”

“थंडीत गेली.”

हिमनदीच्या पोटात कुठेतरी बर्फाला तडा गेल्याचा आवाज आला आणि विरला.

“परतीचा दिवस कोणापाशी ठेवून आलास?”

शाळेतला तो पहिल्या दिवशीचा धडा होता. वर जाणाऱ्याने आपला परतीचा दिवस खाली कोणाला तरी सांगून जावे. तो दिवस उलटला, की शोधणारी माणसे निघतात.

“कोणाला सांगू? गावातल्या चहावाल्याला? तो मला अजून ‘यशोदाजी’ म्हणतो.”

माईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तेवढ्याने यशोधनला जोर चढला.

“खरं सांगू, माई? माझी सगळी आखणी यावरच उभी आहे. ही घळ आजवर सगळ्यांनी टाळली ती कशामुळे? प्रत्येकाच्या मागं कोणीतरी होतं. घर, बायको, पोरं. पाय उचलला की ती आठवतात, आणि मग माणूस वळसा घेतो. माझ्या मागं कोणी नाही. म्हणून माझी वाट सरळ जाते.”

“हे नकाशात दाखवलं नाहीस.”

“काय?”

“हेच.”

त्याने नकाशाची घडी घातली.

माई सूर्य मावळायच्या आत जेवत. नाचणीची भाकरी आणि डाळ, दोघांनी मुकाट्याने खाल्ली. माईंनी आपली थाळी राखेने घासली, विसळली आणि भिंतीशी पालथी घातली.

“उद्या तू निघालास, की मी जेवणार नाही,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“तू परत येईपर्यंत.”

उद्या ढग येतील, असे सांगावे त्या सुरात सांगितले.

“माई, थट्टा पुरे.”

“थट्टा कोण करतंय?”

“अहो, तुमचं वय काय!”

“ते मला ठाऊक आहे.”

“वर हवा बिघडली, तर मी तंबूत अडकून पडेन. चार दिवसांचे आठ होतील.”

“होतील.”

“हा चक्क जुलूम आहे!”

“आहे खरा.”

“मला जाऊ द्यायचं नाही, असं सरळ सांगा ना!”

“मी अडवलं कुठं? लवकर नीघ. पहाटे बर्फ घट्ट असतो…” माईंनी हात पुसले. “बहुधा.”

त्या आत गेल्या.

यशोधनने तणतणत नकाशा पुन्हा उघडला. आभाळात अजून उजेड होता. घळीतून गेलो, तर परतायला चार दिवस. पण वरचा कडा सुटलाच, तर चारही नाहीत आणि आठही नाहीत. मग माईंची थाळी भिंतीशी पालथीच. धारेवरून गेलो, तर जिवाला धोका नाही. पण त्या वळशाला आठवडा पुरायचा नाही, आणि एवढे दिवस त्या काटकुळ्या देहाने काढायचे कसे?

आजवर त्याचे दिवस शिध्याच्या पिशव्यांत मोजले जात. आज ते एका म्हाताऱ्या पोटात मोजले जात होते, आणि हिशेब जुळत नव्हता.

त्याने घळीची रेघ खोडली. धारेची काढली. ती खोडून पुन्हा घळीची काढली. तळ मधे आणून पाहिला, वाट दुभंगून पाहिली. दोघांनाही सोसेल अशी वाट त्या डोंगरावर कुठेच नव्हती.

“झोप आता,” आतून आवाज आला. “कागद फाटेल.”

उजाडताना तो घळीच्याच वाटेने निघाला. माई दारात बसल्या होत्या. निघताना ‘येतो’ म्हणतात. ते त्याने मुद्दाम टाळले. सॅक पाठीवर टाकली आणि मागे न पाहता ओटा उतरला.

मागे न पाहण्याची त्याला सवयच होती. सलील होता तेव्हा दर थोड्या वेळाने वळून पाहावे लागे. दोराच्या त्या टोकाला माणूस ठीक आहे ना, म्हणून. एकट्याला ती कटकट नसते. पण आज हिमनदीच्या पहिल्याच चढावर त्याची मान वळली.

कुटीच्या छपरातून धूर निघत नव्हता.

कालपरवा या वेळेला निघत होता. बारीक, सरळ, निळसर. तो पुढे चालू लागला. मोठी भेग ओलांडली, पुन्हा वळला. धूर नाही. दगडांच्या राशीवर चढला, वळला. कुटी आता ठिपक्याएवढी झाली होती. त्या ठिपक्यावर काही नव्हते.

“म्हातारीनं मनावरच घेतलं,” तो मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज ऐकायला तिथे दुसरे कोणी नव्हते.

घळीच्या तोंडाशी तो पोहोचला तेव्हा अजून ऊन उतरले नव्हते. बर्फ असा होता की पाहत राहावे. कुऱ्हाड मारली, तर घंटेसारखा नाद उठला. वरून एक खडा निसटत नव्हता. वारा पडलेला. ज्या सकाळीसाठी त्याने इतकी वर्षे काढली, ती हीच.

चढण्यापूर्वी पोटात काही घालावे, म्हणून त्याने खजूर आणि शेंगदाण्यांची पुडी सोडली. एक खजूर तोंडापर्यंत नेला. त्याने तो पुडीत परत ठेवला, पुडी बांधली, बुटांना काटे चढवले.

एक पाऊल टाकले. दुसरे टाकले. काटे झकास रुतत होते.

…त्याने मागे पाहिले.

खालचे खोरे या टोकापासून त्या टोकापर्यंत रिते होते. त्या पांढऱ्यावर पावलांची एकच रांग त्याच्यापर्यंत आली होती, आणि रांगेच्या पलीकडच्या टोकाला तो बिनधुराचा ठिपका होता. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात यशोधन या क्षणी कुठे आहे, हे जाणणारे माणूस एकच होते. आणि ते उपाशी होते.

तो किती वेळ तसा उभा राहिला, त्याचे त्याला कळले नाही. ऊन कड्यावरून घळीत उतरू लागले तेव्हा तो वळला आणि खाली आला.

कुटीपाशी पोहोचेतो दिवस कलला होता. माई ओट्यावर नाचणी निवडत बसल्या होत्या. त्याने सॅक धाडकन टाकली.

“आलास?”

“आलो! असा बर्फ पुन्हा जन्मात मिळायचा नाही. एक खडा सुटला नाही, माई. मी जाऊ शकलो असतो!”

“शकला असतास.”

“आणि तुम्ही… जाऊ दे. उठा आधी, काहीतरी खाऊन घ्या. मी चूल पेटवतो.”

“कोणासाठी?”

“कोणासाठी काय? तुमच्यासाठी!”

“मी जेवले.”

चुलीकडे निघालेला यशोधन मागे फिरला.

“सकाळीच. कालच्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या. वर मिरचीचं तिखट घेतलं.”

“पण धूर… मी पुन्हा पुन्हा पाहिलं. धूर नव्हता.”

“गार भाकरीला चूल कशाला पेटवायची?”

“तुम्ही शब्द दिला होता!”

“दिला होता.”

“मी तिथून… घळीच्या तोंडापासून… तुमच्या पोटात काही नाही, म्हणून मी…”

तो ओट्याच्या कडेवर मटकन बसला. बुटांचे बंद सोडू लागला.

माईंनी सूप बाजूला ठेवले. त्याच्याकडे वळल्या.

“तू काय खाल्लंस?”

“…काही नाही.”

“बरोबर नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

हिमनदीवरून सावली कुटीकडे चढत येत होती. यशोधनने बांधलेली पुडी सॅकमधून काढून ओट्यावर ठेवली.

माई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. आत जाऊन परातीत पीठ घेतले, पाण्याचा हबका मारला आणि मळायला बसल्या.

“चला,” त्या म्हणाल्या, “दोघांपैकी एकानं तरी नेम पाळला.”