कापून नेलेला चेहरा

"म्हणजे बाईंना बोलवायचं की नाही, बाबा?"

प्रबोध उजागरेने त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. शेलारबाबा फाटक्या गीतपुस्तकांना खळ लावत होते. त्यांनी बोट पुसलं आणि पुढचं पुस्तक ओढलं.

तीस वर्षं ते या चर्चचे पाळक होते. आता त्यांच्या जागी प्रबोध होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. उपदेश बरा करायचा, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली.

शाळेच्या मैदानावर तीन दिवसांची सभा भरायची होती. गेल्या वर्षी प्रबोधने घसा बसेपर्यंत बोलून चाळीस माणसं जमवली होती. त्यातली निम्मी चर्चचीच, आणि उरलेल्यांना नंतरच्या चहाचा निरोप आधीच पोचलेला.

म्हणून यंदा त्याने नियती दाभाडेला गाठलं. रोज संध्याकाळच्या मालिकेत थोरल्या सुनेचं काम करणारी नटी. चार वर्षांपूर्वी तिने पुण्यात बाप्तिस्मा घेतला होता आणि आपल्या विश्वासाबद्दल ती उघड बोलायची.

चर्चच्या पंचमंडळींत दोन तट पडले. काही म्हणाले, मैदान भरेल. काही म्हणाले, भरेल, पण बाईंना बघायला भरेल. शेवटी सगळ्यांनी मिळून ते बाबांवर सोपवलं आणि आपापल्या घरी गेले. बाईंना दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

प्रबोधने काखेतली गुंडाळी सोडली. पोस्टर त्याने परवानगीआधीच लावून टाकली होती, हे आता सांगणं भागच होतं. त्याने ते भरभर सांगून टाकलं.

बाबांनी बोटावर आणखी खळ घेतली.

"पण हे बघा ना."

पोस्टरच्या मधोमध वीतभर मोठं भोक होतं. तिथे आधी बाईंचा चेहरा होता. सलूनवाल्या सखारामने तो वस्तऱ्याने कापून आरशाशेजारी चिकटवला होता. एक चेहरा रिक्षात गेला, एक पिठाच्या गिरणीत. बाजारपेठेत अकरा पोस्टर होती आणि सकाळपर्यंत अकराही चेहरे गेले होते.

"एवढी ओढ आहे लोकांना तिची. आणखी काय पुरावा पाहिजे, बाबा?"

बाबांनी पोस्टर मांडीवर घेतलं. भोकाच्या कडेने बोट फिरवलं.

"सखाराम येतोय ना मग सभेला?"

"विचारलं मी त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला... कसली सभा?"

हे उत्तर प्रबोधने वाटेतच गिळून टाकलं होतं. आता ते बाहेर आल्यावर त्याला एकदम दमल्यासारखं झालं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"ठीक आहे. नको म्हणून कळवतो त्यांना."

"बाई खोटं बोलतात का?"

"नाही."

ते मात्र तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता. आई अत्यवस्थ असताना आपण दवाखान्याच्या जिन्यात बसून काय मागितलं आणि काय मिळालं नाही, हे तिने त्याला फोनवर सांगितलं होतं. आई गेली. तरी ती प्रार्थना करत राहिली, कशी ते तिलाही सांगता आलं नाही. ऐकताना प्रबोधचे डोळे भरून आले होते.

"मला तसं सांगता येत नाही, बाबा. इतकं साधं."

"मग नको कशाला म्हणतोस?"

प्रबोध गोंधळला. हो म्हणावं तर सखाराम आडवा येत होता, नाही म्हणावं तर तो जिना.

"म्हणजे येऊ दे म्हणता?"

बाबांनी पोस्टर मांडीवर सरळ केलं.

"बाबा, बारा वाजायला आले."

बाबांचं बोट पोस्टरवरून सरकत खाली गेलं आणि उजव्या कोपऱ्यात थांबलं. तिथे पासपोर्ट आकाराचा एक फोटो होता, टाय बांधलेला. खाली पदवीसकट छापलं होतं, 'निमंत्रक : पाळक प्रबोध उजागरे, बी.डी.'

"हा कुणी नेला नाही?"

प्रबोधचे कान तापले. पण बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते नुसतं विचारत होते.

"नाही."

"अकरातला एकही?"

"एकही नाही." बाबांसमोर खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "फिरून फिरून तेच बघत होतो मी. वाईट वाटलं."

बाबांनी मान हलवली. मग पुस्तकांच्या ढिगाखालून पट्टी आणि ब्लेड काढलं.

पट्टी कोपऱ्यात धरून त्यांनी फोटोच्या चारही बाजूंनी सावकाश ब्लेड फिरवलं. अडवायला प्रबोधचा हात पुढे आला... आणि तसाच मागे गेला.

तो चौकोन बाबांनी पालथा करून बोटाने खळ फासली. मग एका गीतपुस्तकाचा पुठ्ठा उसवला होता, तिथे आतून तो घट्ट दाबून बसवला. चेहरा पुठ्ठ्याकडे गेला, पांढरी पाठ वर राहिली. आता ते इतरांसारखंच एक पुस्तक होतं, त्यात फोटो कुठे ते सांगूनही कळलं नसतं.

प्रबोध बघत राहिला. का कोण जाणे, त्याला हलकं वाटलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि पोस्टर त्यांनी खिडकीत धरलं. मोठ्या भोकातून समोरच्या चर्चचं उघडं दार दिसत होतं. लहान भोकातून त्याच्या पायरीचा एक तुकडा.

प्रबोध उठून त्यांच्या शेजारी आला आणि भोकांतून बघू लागला.

बाबांनी पोस्टरची गुंडाळी करून ती प्रबोधच्या हातात दिली.

"आता बोलव त्यांना."