केतकीदेवीची पहिली भाकर

एका राज्यात अशी चाल होती की नवा राजा मुकुट घालून नव्हे, तर भाकर थापून गादीवर बसायचा. पाडव्याच्या सकाळी घरटी एक मूठ ज्वारीचं पीठ राजवाड्यापुढे यायचं आणि मोठ्या लाकडी काथवटीत पडायचं. काथवट मंतरलेली होती. सगळ्या राज्याचं पीठ तिच्यात मावायचं. नव्या धन्याने ते उघड्या हातांनी मळायचं, पहिली भाकर थापायची, आणि प्रजेतल्या कोणीतरी पुढे होऊन म्हणायचं, "मला द्या." मागणारा आला की राजा झाला. माध्यान्हीपर्यंत कोणी आलं नाही तर गादी दुसऱ्याची. तशी वेळ कधी आली नव्हती. पहिल्या भाकरीसाठी लोक एकमेकांच्या पागोट्यांवर पाय देत.

यंदा मात्र म्हातारा राजा वारला होता, आणि पीठ मळायचं होतं त्याच्या एकुलत्या लेकीने, केतकीने.

जन्मली तेव्हा केवड्यासारखी कांती, म्हणून नाव केतकी. बाराव्या वर्षी तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर चंदेरी पापुद्रे धरले, आणि वर्षाभरात ते तळहातांवर उतरले. कधी कमी होत, कधी जास्त. जात मात्र नसत. वाड्यात वैद्य एक आणि औषध सांगणारे शंभर. वांगं सोडा. ताक सोडा. कडुलिंबाच्या पाल्यावर निजा. पागेतल्या मोतद्दाराने एक लेप सुचवला. तो म्हणे घोड्याला लागू पडला होता. केतकीने सगळं केलं, घोड्याचा लेपसुद्धा. चट्टे जागचे हलले नाहीत.

मग लोक म्हणाले, हा शाप आहे, आणि शापाला शिवू नये. तिचा तांब्या वेगळा झाला, पाट वेगळा झाला, हातांत रेशमी मोजे आले.

खाजेची तिला सवय झाली. बाकीच्याची होईना. दासी यायच्या आधी उठून ती अंथरुणावरचे पापुद्रे झटकायची. कोणी हात पुढे करायच्या आत आपला मागे घ्यायची. वाड्यात दरसाल एक अत्तरवाला येई. भारी गोड माणूस, प्रत्येकीच्या मनगटावर फाया टेकवून म्हणे, "हुंगून बघा, मग घ्या." एका वर्षी केतकीची पाळी आली तेव्हा त्याने कुपी जमिनीवर ठेवली, पायाने पुढे सरकवली आणि म्हणाला, "नमुना संपला, बाईसाहेब." कुपी काठोकाठ भरलेली होती. केतकी हसून म्हणाली, "असू दे, मला पडसंच आहे." सगळे हसले. त्या दिवशी ती एक गोष्ट शिकली: आपण आधी हसलो की लोकांना सोपं जातं. पुढे दहा वर्षं ती लोकांना सोपं जाईल अशीच वागली.

पाडव्याला महिना राहिला तेव्हा प्रधान भालसेन पुढे आला.

"बाईसाहेब, माझ्या मनात राग नाही. भीती आहे. भाकर कोणी मागितली नाही तर माझ्या पुतण्याला बसवावं लागेल, आणि पोरगा मूर्ख आहे हे मलाही ठाऊक आहे. हिंगुळनाथाकडे जा."

हिंगुळनाथ डोंगरापलीकडचा मांत्रिक. त्याने तिचे हात लांबूनच पाहिले.

"लेप होईल. तीन वस्तू लागतील. निळ्या साळुंकीचं पीस, आरसेतळ्याचं ओंजळभर पाणी, नागाची कात. तिन्ही उघड्या हातांनी आणायच्या."

केतकीने मोजे काढून झोळीत टाकले आणि वाट धरली.

निळी साळुंकी बोरीवर बसली होती. ती म्हणाली, "पीस फुकट नाही. खरं उत्तर दे. तुला सगळ्यात जास्त काय छळतं? खाज?"

"नाही."

"चट्टे?"

"नाही. मला पाहून माणसं थांबतात ना, तो एक क्षण. त्यानंतर ती गोड बोलतात."

"अग बाई," साळुंकी म्हणाली, "हे मी पहिल्यांदाच ऐकलं." आणि तिने एकाऐवजी दोन पिसं टाकली.

आरसेतळं असं होतं की वाकल्याशिवाय पाणी येत नसे, आणि वाकलं की माणूस आहे तसा दिसे. केतकीच्या महालात अकरा वर्षं आरसा नव्हता. ती तीन वेळा परत फिरली. चौथ्यांदा वाकली. चट्टे होते. पण त्यांच्या वर दोन दमलेले, शहाणे डोळेही होते; ते ती विसरूनच गेली होती. ओंजळ भरली. हात चरचरले, पण आपल्या तांब्यात ओतेपर्यंत पाणी सांडलं नाही.

नाग वारुळाशी ऊन खात पडला होता, ताजी कात शेजारी टाकून.

"घेऊन जा," तो म्हणाला. "लेपाने आग शमेल, खाज कमी होईल. चट्टे जाणार नाहीत. ते तुझ्या अंगाचे आहेत, माझे नाहीत."

"मग शाप?"

"शाप मी दिला आहे, पण तुला नाही. तुझ्या पणज्याने माझा मणी पळवून गादीत जडवला. मी म्हणालो, यापुढे तुझ्या राज्याला माणसाआधी माणसाचं कातडं दिसेल. तेवढंच."

केतकी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं औषध मी खात होते, आणि आजारी ते होते?"

"असंच काहीसं." नागाची जीभ लवलवली. "तुझा उघडा हात कोणी आपणहून धरील, त्या दिवशी शाप मोडेल. हुकूम चालायचा नाही. लाच चालायची नाही. आणि दया तर मुळीच चालायची नाही."

लेप झाला, आणि नाग म्हणाला तसंच झालं. आग शमली, चट्टे राहिले. हिंगुळनाथ म्हणाला, "पथ्यात काहीतरी चुकलं असेल." अशा बोलण्यावर केतकी पहिल्यांदाच हसली नाही.

पाडवा उजाडला. वाड्यापुढे माणूस मावेना. भालसेनाने हळूच नवे मोजे पुढे केले. तिने ते परत दिले. बाह्या कोपराच्या वर सारल्या, पाणी ओतलं, आणि सगळ्या राज्याचं पीठ मळलं. भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. टम्म फुगली. इतकी सुरेख भाकर त्या अंगणात कधी फुगली नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे मात्र कोणी येईना.

सूर्य माथ्याकडे सरकत होता. एखादा विनोद करावा, आत निघून जावं, सगळ्यांची सुटका करावी, असं तिच्या मनात आलं. शब्द ओठांवर आलेही होते. तिने ते गिळले आणि हात तसाच पुढे धरला.

"हा माझा हात. ही भाकर. कोणाला हवी आहे?"

गर्दीत मागे गलका झाला. "सरका हो, सरका! पाय आहे का खांब तुमचा?" म्हणत एक सुरकुतलेली बाई पुढे आली. ती धुरपा परटीण, वाड्याचे कपडे धुणारी. तिने केतकीचा हात धरला, कापडाचा पोत पाहावा तसा उजेडाकडे वळवला, उलटून पाहिला.

"थंडीत वाढतं, होय ना बाईसाहेब? आणि डाव्या कुशीवर निजता, तेव्हा कोपराचं चिघळतं."

केतकीने विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"चादरी कोण धुतं तुमच्या? अकरा वर्षं याच हातांनी चोळते. झटकलं तरी थोडं राहतंच हो." तिने आपले दोन्ही हात गर्दीपुढे धरले. साबणाने पांढरे पडलेले, चिरा गेलेले, पण चट्टा एकही नाही. "बघा. काही झालं का मला?"

भालसेन ओरडला, "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी? मागच्या दाराने बोचकं देता, मागच्या दाराने घेता." ती केतकीकडे वळली. "मला द्या ती भाकर. आणि मीठ-मिरची असेल तर बघा, सकाळपासून पोटात काही नाही."

धुरपाने घास तोडला. त्याच क्षणी गादीतला मणी आपणहून निखळला, पायऱ्यांवरून टपटप उतरला आणि रानाच्या वाटेने घरंगळत निघाला. लोकांनी त्याला वाट करून दिली. मग डोळे चोळत एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणीतरी म्हणालं, "मलाही द्या." माध्यान्ह व्हायच्या आत काथवट रिकामी झाली.

केतकीदेवीने चाळीस वर्षं राज्य केलं. चट्टे गेले नाहीत. थंडीत वाढत, उन्हाळ्यात उतरत. दरबारात ती बाह्या सारून बसे, खाजलं तर खाजवे, तेलाची वाटी शेजारी. एखाद्याच्या गुडघ्याची चौकशी करावी तसं येणारा सहज विचारी, "आज कसं आहे, बाईसाहेब?" आणि ती खरं असेल ते सांगे. बरं नसलं तर बरं नाही म्हणे, आणि कारभार पुढे चाले.

तिच्या राज्यात चुली पेटत्या राहिल्या, भाकरी फुगत राहिल्या; ऐकणाऱ्यांच्या घरीही तसंच होवो.